हिरवी तार

बसा. लाईट गेलीय, तेव्हा तुमच्या मशीनला आत्ता हात लावता यायचा नाही. हा चार्जिंगचा दिवा आहे, तो पुरेल आपल्याला.

तुमचं काम मला कळलं. "हमिंग येतंय, तिसरी पिन काढून द्या." पेणमधला प्रत्येक डेकोरेशनवाला हेच सांगत येतो. अर्थिंगची हिरवी तार कापली की स्पीकरमधली घूं जाते, हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दोन मिनिटांचं काम. पण मी ते करत नाही. गेल्या वर्षीच्या शिमग्यापासून नाही. का, ते ऐका. तोवर लाईट येईल. आली तर.

माझं नाव पोपट आणि धंदा आवाजाचा, त्यामुळे या रामवाडीत मला कुणी सरळ हाक मारत नाही, शीळ घालतात. घालू देत. पण कान माझे चांगले, आणि त्या कानांचा मला फार माज होता. नुसतं ऐकून सांगायचो, कुठला कपॅसिटर गेलाय आणि कुठला जाणार आहे. आणि शिव्या घालायचो त्या विजेला. शुद्ध तूप आणि शुद्ध करंट, दोन्ही आता ऐकायलाच उरलेत. एका ट्रान्सफॉर्मरवर पन्नास घरं, त्यातच कुणाचं वेल्डिंग, त्यातच मुंबईवाल्यांच्या फार्महाऊसचे पंप. सकाळी एकशेऐंशी व्होल्ट, दुपारी दोनशेसाठ. टीव्हीला, फ्रिजला ते चालून जातं. आवाजाच्या मशीनला नाही. लायनीत जी घाण येते ती सगळी ते बोलून दाखवतं.

तर गेल्या वर्षी शिमगा उरकला, भाड्याने गेलेले स्पीकर घरी आले, आणि मी जरा निवांत झालो होतो. तेवढ्यात इस्रायलहून फोन आला. रूबेन नावाचा माणूस. मराठी आपल्यासारखीच.

"पोपटभाऊ, आमचं घर खांब गावच्या फाट्यावरून आत हाय. आई एकटी असते. बाबांच्या कीर्तनाच्या कॅसेट हायत, त्यांच्याच मशीनवर लावते. पर घूं इतकी, की फोनवर मला बाबा ऐकूच येत नाय. ह्या शुक्रवारी बाबांना जाऊन वर्ष होतंय. तेवढा आवाज साफ करून द्याल काय?"

त्यांची, म्हणजे बेने इस्रायल ज्यूंची, आपल्या भागात पूर्वी बरीच घरं होती. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, म्हणून घाणा बंद ठेवायचे. आता बहुतेक तिकडे गेले. राहिलं एखाददुसरं म्हातारं माणूस. मी म्हटलं, शुक्रवारी सकाळी येतो.

गेलो. दोन खोल्यांचं कौलारू घर, शेणानं सारवलेलं अंगण, मागे लाकडांचा ढीग. रूबेनची आई, हन्नाबाई, दारातच उभ्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी वाकलेली, पण नजर लख्ख. मला बसवलं आणि वाटीत मलिदा दिला. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं. वर्षाचं म्हणून केला होता. भिंतीवर रथात बसलेल्या त्यांच्या प्रेषिताची, एलियाहू हन्नाबींची तसबीर, तिच्या शेजारी रूबेनच्या बाबांचा, सॅमसनभाऊंचा फोटो, आणि फोटोखाली ते मशीन.

मशीन सॅमसनभाऊंनी स्वतः जोडलेलं. रोह्याला एका कंपनीत इलेक्ट्रिकला होते ते, आणि सुट्टीच्या दिवशी कीर्तन करायचे. पेटी, टाळ सगळं आपल्यासारखंच, आख्यान तेवढं त्यांच्या धर्माचं. पत्र्याची जाड पेटी, पुढे लोखंडी खटक्याचा स्विच, बाजूला कॅसेटचं डेक. काम इतकं नेटकं की मला हेवा वाटला.

चालू केलं आणि घूं सुरू झाली. आवाजाचं बटण शून्यावर, तरी घूं. आणि त्या घूंमध्ये, खाली, आणखी काहीतरी. मी कान लावला. पाणी ओतल्यासारखं. कुणीतरी तांब्या तिरका करून सावकाश मातीत पाणी ओततंय, तसं. मी मनात म्हटलं, टेप घासली असेल. पण कॅसेट तर अजून लावलेलीच नव्हती.

"अर्थिंग कुठंय, काकी?"

"मागं. लाकडांच्या ढिगापाशी." त्या हसल्या. "ह्यांनीच खड्डा केलेला. कोळसा, मीठ, तांब्याचा पत्रा. दर शुक्रवारी, शब्बाथ लागायच्या आधी, तांब्याभर मिठाचं पानी ओतायचे त्यात. मी म्हनायची, झाड हाय काय ते? तर म्हनायचे, हन्ना, घराचं मूळ हाय."

"आता कोण ओततं?"

"कोन ओतनार? माझं गुडघं असं. शेजारच्या रंभाला सांगते कधीमधी. पर नळाला पानी नाय तीन दिस."

मागे जाऊन बघितलं. खड्ड्याची माती भेगाळलेली होती. तिथेच मला सगळं कळायला हवं होतं. कळलंही होतं, खोटं कशाला बोलू? दोन हंडे पाणी आणि चार मुठी मीठ, एवढंच औषध होतं. पण पाणी कुठून आणणार, ते मुरायला वेळ लागणार, आणि मला दुपारी पेणला एक काम होतं. मी परत आत आलो.

मशीन चालूच होतं. माझ्या डोळ्यांदेखत वरचा पंखा मंद झाला आणि थांबला. लाईट गेली. घूं चालूच राहिली.

कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, त्याने एक-दोन सेकंद आवाज राहतो. मी मनात मोजायला लागलो. पाच. दहा. वीस झाले तरी घूं तशीच, आणि तिच्या आत ते पाणी. मग आपोआप थांबली.

"ते असंच करतात," हन्नाबाई म्हणाल्या. शांतपणे. शेजारच्या मांजराबद्दल बोलावं तशा.

"कोण?"

त्यांनी फोटोकडे बघितलं. "मला भ्या नाय वाटत. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आधी मी मशीन चालू करते, कॅसेट लावते. मग शब्बाथ लागला का आमी बटनाला हात लावत नाय. चालू ते चालू, बंद ते बंद. फोनबी घेत नाय. शनवारी तीन तारे दिसले, का हात धुवायचे न् मशीन बंद करायचं. तवर ती घूं असते घरात. एकटं वाटत नाय."

दहा मिनिटांनी लाईट आली. मी पक्कड काढली.

"पोपटभाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "रूबेनला बापाचा आवाज साफ ऐकू दे. पर घूं... समदी काढू नका हो."

"काकी, अर्धी घूं काढता येत नाही," मी हसून म्हटलं. आणि हिरवी तार कापली.

घर एकदम गप्प झालं. मी पेटीवर हात ठेवून बघितला, किंचित झिणझिण लागली. पायात बूट होते माझ्या. म्हटलं, जुनं मशीन आहे, चालायचंच. कॅसेट लावली. सॅमसनभाऊंचा आवाज आला, असा स्वच्छ, की ओळ उचलण्याआधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू यावा. मला स्वतःचा अभिमान वाटला. खरंच वाटला, म्हणून सांगतो.

हन्नाबाई डोळे पुसत होत्या. कॅसेटची बाजू संपली. खोलीत काही म्हणजे काही ऐकू येईना.

"गेले," त्या म्हणाल्या.

मी कापलेली तार खिशात घातली, त्यांनी भरून दिलेला मलिद्याचा डबा घेतला आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी इथेच होतो. तुम्ही बसलाय त्या स्टुलावर. साडेपाचची वेळ, बाहेर चांगलं ऊन. टेबलावर कुणाचा तरी ॲम्प्लिफायर उघडलेला. त्याचा प्लग भिंतीत नव्हता. तो माझ्या हातात होता, पिना साफ करत होतो.

आणि स्पीकरमधून घूं यायला लागली.

मी प्लगकडे बघितलं. स्पीकरकडे बघितलं. घूं वाढत गेली. मग तिच्यातून पाणी ऐकू यायला लागलं, कालचंच, पण आता सावकाश नव्हे. घाईघाईने ओतल्यासारखं. एक तांब्या, मग दुसरा, मग तिसरा. मध्येच जाडं मीठ मुठीत चुरडल्याचा आवाज. मग कुणीतरी धापा टाकत होतं. तो श्वास मी काल ऐकला होता. ओळ उचलण्याआधीचा.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या पेटीतला ट्रान्सफॉर्मर आतून झिरपत होता. करंट पत्र्यावर उतरत होता आणि हिरव्या तारेतून जमिनीत जात होता. जमीन कोरडी, म्हणून नीट जात नव्हता, म्हणून घूं. ती घूं म्हणजे आजाऱ्याचं कण्हणं होतं हो! आणि मी काय केलं? त्याचं तोंड दाबलं आणि वर मलिदा घेऊन घरी आलो. आता लायनीत एक मोठा झटका आला की ती अख्खी पेटी जिवंत होणार होती. आणि तीन तारे दिसले की हन्नाबाई ओल्या हाताने, अनवाणी, तो लोखंडी खटका दाबणार होत्या.

मी फोन लावला. वाजत राहिला. वाजणारच, शब्बाथ होता. त्या समोर बसून त्याच्याकडे बघत असतील, तारे दिसायची वाट बघत. रूबेनला लावला. बंद. त्याचाही शब्बाथच. रंभाचा नंबर माझ्याकडे नव्हता, रूबेनकडे होता.

मग आठवला शिवा. तिकडचा वायरमन, माझं जुनं गिऱ्हाईक. त्याने उचलला.

"शिवा, खांबच्या आतली लाईन बंद कर. आत्ता. जिवाचा प्रश्न आहे."

"लाईन बंदच हाय सकाळपास्नं. पोल बदलतायत."

मला हायसं वाटलं. मग विचारलं, "चालू कधी?"

"सातला चार्ज करनार."

"नको करू! शिवा, ऐक, आज नको करू..."

"अरे पोपट, मी कोन? मी रोह्याला सबस्टेशनला बी नाय, हितं पोलावर लटकलोय. चाळीस गावं हायत त्या लायनीवर. साहेब सकाळपास्नं शिव्या खातोय लोकांच्या. माझ्या हातात काय नाय रे बाबा."

"मग त्या म्हातारीकडे कुणाला तरी पाठव."

"बघतो," तो म्हणाला. आणि आवाज तुटला. पुन्हा लागलाच नाही.

मी गाडी काढली. पेणहून खांब, एरवी तासाभराचा रस्ता. त्या दिवशी शनिवार, मुंबईची निम्मी जनता कोकणात निघालेली, आणि आपला हायवे कसा आहे ते तुम्हाला सांगायला नको. जन्म गेला त्याचं काम बघण्यात. नागोठण्याच्या अलीकडे एक कंटेनर आडवा झाला होता. मोटारसायकलला वाट काढता येते म्हणतात. नाही निघाली. उजवीकडे खणलेला चर, डावीकडे बस. मी हॉर्न वाजवला, ओरडलो, हात जोडले. एका गाडीतल्या बाईने काच वर केली. सूर्य टेकत होता आणि मी तिथे उभा होतो. एवढं असहाय मला बाप गेला तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान मी त्याच्या उशाशी होतो.

कसाबसा सुटलो तेव्हा अंधारत होतं. दोन्ही बाजूंना शेतं, आणि पुढची सगळी गावं काळोखात. तोवर मला आशा होती. काळोख म्हणजे आशा, अशी वेळ होती. मी डोळे त्या काळोखावरच ठेवले होते.

मग दिवे लागले. आधी लांबचं एक गाव, मग त्याच्या पुढचं, मग रस्त्याकडेचं हॉटेल. हॉटेलातली माणसं "आलीऽऽ" म्हणून ओरडली. मी वर बघितलं. डोंगरावर एक तारा होता. जरा बाजूला दुसरा. तिसरा शोधायची माझी हिंमत झाली नाही. रस्त्याकडे बघत गाडी मारली.

फाट्यावरून आत वळलो आणि लांबूनच कळलं. अंगणात माणसं होती. रंभा पायरीवर बसून रडत होती.

"तारे बघाया बाहेर आल्या व्हत्या," ती म्हणाली. "मला म्हनल्या, दिसले गो रंभा, तिनी दिसले. बरणीतल्या पान्यानं हात धुतले न् आत गेल्या. मी हितंच... हितंच उभी व्हते. नुसता 'खट' आवाज आला."

मी आधी मेन स्विच पाडला. मग आत गेलो. त्या मशीनखाली कुशीवर पडल्या होत्या, उजवा हात अजून ओला. चेहऱ्यावर काही नव्हतं, भीतीही नाही. मी पक्कड धरतो त्या हाताने त्यांचे डोळे मिटले. तो हात त्यांना लावताना मला लाज वाटली.

मग मागे गेलो. का गेलो, सांगता येत नाही. मोबाईलचा उजेड टाकला. लाकडाच्या ढिगाचे ओंडके बाजूला सारलेले. खड्डा ओला होता. ओला म्हणजे चिंब, वर अजून पाणी तरंगत होतं. भेगा बुजलेल्या. कडेला पांढरंशुभ्र जाडं मीठ पसरलेलं, मूठमूठ. आणि दगडावर तांब्याच्या बुडाचे ओले गोल, एकावर एक, किती ते मोजता येईनात.

"रंभाबाई, इथं पाणी कोणी घातलं?"

ती दारातूनच बघत राहिली. "कोन घालनार? गावात पान्याचा थेंब नाय चार दिस..."

पाणी होतं. मीठ होतं. सॅमसनभाऊंना करता येण्यासारखं सगळं त्यांनी केलं होतं. तेवढी तार नव्हती. ती माझ्या खिशात होती.

त्या रात्री त्याचा शब्बाथ सुटल्यावर रूबेनचा फोन आला. आई गेली हे रंभाने त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, "पोपटभाऊ, काल आईनं फोन धरला होता मशीनपुढं. बाबा अगदी शेजारी बसल्यासारखे ऐकू आले. तुमचे उपकार हायत." आणि मग, "शेवटी पानी ओतल्याचा आवाज येत होता. तुमी नळ सोडला होता काय?"

मी म्हटलं, नाही. तेवढंच म्हटलं. मशीन जुनं होतं, असं सगळ्यांनीच ठरवलं, पंचनाम्यातही तेच आलं. मीही मान हलवली. खरं काय ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही. दर शुक्रवारी फोन हातात घेतो, आणि सूर्य बुडतो. मग त्याचा शब्बाथ लागतो.

म्हणून तुमची तार मी कापणार नाही. हमिंग येतंय ना? येऊ दे. आधी घरचं अर्थिंग बघा, पाणी घाला.

माझं बघायचंय? दुकानाच्या मागे आहे खड्डा. मी त्यात कधी पाणी घालत नाही, हातच धजत नाही. पण वर्ष झालं, दर शुक्रवारी दुपारी तो ओला असतो. वर मीठ असतं. कडेच्या लादीवर तांब्याच्या बुडाचा एक ओला गोल असतो. माझ्या भल्यासाठी की आणखी कशासाठी, मला माहीत नाही. विचारणार कुणाला?

आज शुक्रवार. मी अजून मागे गेलेलो नाही. गेल्या खेपेला लादीवर गोल दोन होते.